झोपाळ्यावर केलेल्या नोकऱ्या

आमच्या पुढच्या खोलीत एक लाकडी झोपाळा आहे. गुजरात इथून जवळ, त्यामुळे शहाद्यात पुष्कळ घरांत तो असतो. आमचा जुना आहे, एका कडीला आवाज येतो आणि तेल घातलं तरी दोन दिवसांनी पुन्हा येतो. त्या झोपाळ्यावर बसून मी भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत पुष्कळ नोकऱ्या केल्या. कधी एका दुपारी एक, कधी दोन. पगार एकीचाही मिळाला नाही, कारण त्या सगळ्या मी मनातच केल्या. गल्लीत याला आळस म्हणत असतील. म्हणोत बापडे. मनातही काम नीटच करावं लागतं.

झालं असं की, पुण्यातल्या माझ्या कंपनीने कळवलं, दिवाळीनंतर सगळ्यांनी परत कचेरीत हजर व्हायचं. दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रोग्रामांमधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. टाळेबंदीत लॅपटॉप काखेत मारून मी पंधरा दिवसांसाठी म्हणून शहाद्याला आलो होतो. पंधरा दिवसांची वर्षं झाली. तेव्हा रांगणारी माझी मुलगी आता दुसरीत गेली. कंपनी आम्हाला विसरली असावी असं मला वाटायला लागलं होतं, आणि मी तिला आठवण करून द्यायला जात नव्हतो.

माझी बायको नर्स आहे. तोरणमाळच्या घाटरस्त्यावर एका पाड्याजवळचं उपकेंद्र तिच्याकडे आहे. तिला तिथेच राहावं लागतं. शनिवारी संध्याकाळी ती एसटीने खाली येते आणि सोमवारी झुंजूमुंजू होताना परत वर जाते. मधले सगळे दिवस घरात मी आणि मुलगी. तिच्या दोन वेण्या मी घालतो. एक वर, एक खाली होते, पण शाळेत आता त्याची सवय झाली आहे.

मी पुण्याला गेलो तर मुलीला कोरीटला माझ्या आईकडे ठेवावं लागणार होतं. माझी बायको वर घाटात, मुलगी कोरीटला, मी पुण्यात, आणि शहाद्याच्या घराला कुलूप. कोरीट काही वाईट नाही, मी तिथेच वाढलो. आईही हौसेने सांभाळेल. पण मला ते नको होतं. मला माझी मुलगी रोज बघायची होती, जेवताना, भांडताना, पाठ न झालेली कविता मोठ्याने म्हणताना. एवढीच गोष्ट होती आणि ती मला कोणाला सरळ सांगता येत नव्हती.

बायकोने ऐकल्याबरोबर निकाल दिला होता. म्हणाली, माझा पगार आहे, घर आपलं आहे, तू सोडून दे ती नोकरी. मी नुसतं हं म्हणालो. गल्लीत काय बोलतील ते मला तिच्या बोलण्याआधीच ऐकू आलं होतं. बायको डोंगरात नोकरी करते आणि हा झोपाळ्यावर बसून खातो. म्हणून मी तिला सांगितलं की घरून करता येईल असं दुसरं काही तरी शोधतो. तीही हं म्हणाली.

तेव्हापासून मुलगी शाळेत गेली आणि कंपनीचं काम उरकलं की मी झोपाळ्यावर बसायचो आणि एकेक नोकरी अंगाला लावून बघायचो.

पहिली टायपिंगची. कोर्टाजवळ एका वकिलांना मराठी टायपिंग करणारा माणूस हवा होता, कागद घरी पाठवणार होते. मी डोळे मिटले आणि कामाला लागलो. समोर बांधाचे वाद, वाटणीचे वाद, विहिरीच्या पाळीचे वाद. चौथ्या अर्जापर्यंत मी एका धाकट्या भावाच्या बाजूने इतका गुंतलो की त्याच्या वतीने दोन ओळी पदरच्या घातल्या. झोपाळा थांबला तेव्हा लक्षात आलं की असला टंकलेखक वकिलाला परवडणार नाही.

मग आवाजाची. पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करून पाठवायची. हे काम मला फार आवडलं. मधली खोली मी रिकामी केली, भिंतींना घरातल्या सगळ्या गोधड्या टांगल्या, मध्ये एक स्टूल, एक दिवा. गोधड्यांचा उबट वास आणि माझा आवाज, दुसरं काही नाही. मी एका राजाची गोष्ट वाचायला घेतली. राजा शिकारीला निघाला आणि तेवढ्यात समोरची पिठाची गिरणी सुरू झाली. ती थांबते तोवर ऊस भरलेला ट्रॅक्टर कर्णकर्कश गाणी लावून कारखान्याकडे निघाला. वाटलं, निदान मनात तरी या ट्रॅक्टरने दुसऱ्या रस्त्याने जावं. पण तो तिथूनच गेला.

त्यानंतर सिनेमांखाली अक्षरं लिहिण्याची. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी नुसते संवाद पुरत नाहीत, आवाजही शब्दांत लिहावे लागतात. दार वाजतं. दूर कुत्रं भुंकतं. हे वाचल्यावर माझ्या दोन-तीन दुपारी कुठे गेल्या कळलं नाही. मी आमच्या गल्लीखालीच अक्षरं लिहीत बसलो. कुकरची शिट्टी. कोणी तरी अंगणात पाणी टाकतं. सायकलची चेन निसटते, माणूस स्वतःशी बोलतो. चिमण्या. शांतता. झोपाळ्याची कडी. पुन्हा शांतता. ऑक्टोबरचं पांढरं ऊन दारातून आत सरकत यायचं आणि मी त्याच्याखाली काय लिहावं याचा विचार करत राहायचो. उन्हाला आवाज नसतो, पण दुपारी आमच्याकडे तो असल्यासारखा वाटतो. या नोकरीत मी सगळ्यात जास्त रमलो. पैसे कोण देणार हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

एक दिवस बिबड्यांचा कारखानाही काढला. ज्वारीचे बिबडे, म्हणजे उन्हात वाळवलेले जाड पापड, आमच्या खान्देशाबाहेर कोणाला ठाऊक नाहीत, तेव्हा मी ते थेट मुंबईला पाठवायला लागलो. गच्चीवर पांढऱ्या कापडावर ओळीने बिबडे, खाली पाकिटं, पाकिटांवर छान चित्र. हे शेजारच्या मावशींना बोलून दाखवलं. त्या धुणं वाळत घालत होत्या, त्यांनी चिमटे खाली ठेवले. मग त्यांनी सांगितलं की ज्वारी तीन दिवस भिजत घालावी लागते, ती कांडावी लागते, अंधारात उठून मोठ्या पातेल्यात तिचा घाटा ढवळत शिजवावा लागतो आणि ढवळताना हात थांबला की गाठी होतात. आणि हे सगळं उन्हाळ्यात, दिवाळीत नाही. बाजारात तुरी म्हणतात ती हीच, असं म्हणून त्या पुन्हा धुण्याकडे वळल्या.

संध्याकाळी बायकोचा फोन यायचा. तिच्याकडे एका मोठ्या दगडावर उभं राहिलं तरच धड रेंज मिळते. वाऱ्याचा आवाज, मध्येच कोणाच्या शेळ्या. मी तिला दिवसभराची नोकरी सांगायचो आणि ती हसायची. हसून झालं की मुलीचा खोकला, दप्तर, दूध असे प्रश्न विचारायची. मी कधी परत पुण्याला जाणार, हे तिने एकदाही विचारलं नाही. ते न विचारणं मला जास्त जड जायचं.

दिवाळी जवळ आली आणि खरोखरीचं एक काम चालून आलं. शेतकऱ्यांना फोनवर सल्ला देणारी एक संस्था होती. तिला आमच्या भागातला, घरून फोन घेणारा माणूस हवा होता. मला शेतीतलं सगळं कळायची गरज नव्हती. फोन घ्यायचा, तक्रार ऐकायची, पडद्यावर जे उत्तर येईल ते समजावून सांगायचं, नाही आलं तर तज्ज्ञाकडे पाठवायचं. आठवडाभर बघणार आणि जमलं तर कायम. कानाला हेडफोन लावून मी झोपाळ्यासमोर टेबल मांडलं. मला वाटलं, सुटलो. त्या दिवशी मुलीला शाळेत सोडताना मी तिला उगाचच उचलून घेतलं, आणि ती आता उचलण्याएवढी लहान नाही म्हणून चिडली.

संस्थेने शिकवलं होतं तसं मी शुद्ध मराठीत नमस्कार केला, आपलं नाव, आपली समस्या. पलीकडून आवाज एकदम कडक इस्त्रीचा झाला. हो साहेब. बरोबर साहेब. ठेवतो साहेब. पहिल्या दिवशी एकाही माणसाने आपलं दुखणं सांगितलं नाही. आमच्याकडे प्रमाण मराठी शाळेची आणि कचेरीची. ती कानावर पडली की माणूस उठून उभा राहतो, बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरच्या बोलीवर, अहिराणीवर आलो. "हां भाऊ, बोल, काय व्हयनं?" एवढं म्हटलं आणि बांध फुटला. केळीवर करपा, मिरचीवर कोकडा, कपाशीत अळी, जावई बोलत नाही, सगळं. पण त्याआधी प्रत्येकाचा एक प्रश्न ठरलेला: "कोनता गावना शे रे भाऊ तू?" हा प्रश्न सुटल्याशिवाय आमच्याकडे बोलणं पुढे सरकत नाही. ते आवश्यकच आहे. गाव कळलं की कोणाचा कोण ते कळतं आणि मग विश्वास बसतो. मी सांगायचो, मूळ कोरीटचा, राहायला शहाद्यात, स्टँडच्या मागे, गिरणीसमोर, निळं दार. आणि फोन ठेवताना कोणीही म्हणतो तसं म्हणायचो, इकडं उनात ते घर या चहा पेवाले, इकडे आलात तर चहाला या. हे आपण कंडक्टरलाही म्हणतो. त्याचा अर्थ काही नसतो, पण म्हटलं नाही तर मात्र अर्थ निघतो.

तर ते आले.

पहिला बाजाराच्या दिवशी आला, हातात केळीचं करपलेलं पान, झेंड्यासारखं उभं धरलेलं. फोनवाला भाऊ इथंच राहतो का, असं त्याने मावशींना विचारलं. दुसऱ्या दिवशी तिघे. कोणाच्या पिशवीत मिरचीची झाडं मुळासकट, कोणाच्या खिशात कपाशीची बोंडं. मी त्यांना झोपाळ्यावर बसवायचो, हेडफोन कानाला असायचा, फोन येत असायचे. फोनवरच्या माणसाला मी पडद्यावरचं उत्तर सांगायला लागलो की झोपाळ्यावरचा मध्येच म्हणायचा, तसं नाही, त्याला सांग आधी पाणी तोड. मग मी तेही सांगायचो. मावशींनी मोठं पातेलं चहाला काढलं. मुलगी शाळेतून आली की सरळ आलेल्या माणसांत बसायची आणि बोंडातली अळी बघू द्या म्हणायची. ते दिवस फार छान गेले. मनातल्या सगळ्या नोकऱ्यांत मला हे सुचलं नव्हतं, की काम म्हणजे घरात माणसं.

आठवड्याच्या शेवटी संस्थेतून एका मुलीचा फोन आला. आवाज गोड होता, बोलणं अदबीचं. म्हणाली, एका शेतकऱ्याने आज आम्हाला सांगितलं की तुमचं उत्तर नको, मी गुरुवारी भाऊच्या घरी जाणार आहे. हे काय आहे? मी सांगितलं.

"सर," ती म्हणाली, "वर्क फ्रॉम होम म्हणजे लोकांना घरी बोलवायचं नसतं."

पत्ता देणं नियमात बसत नव्हतं. माझे फोनही फार लांब चालत होते. तिचं काही चुकलं नाही. बोलवलं असं नाही, म्हणावं लागतं, हे मी तिला समजावून सांगायला गेलो, पण शुद्ध मराठीत मला ते सांगता येईना. काम गेलं.

मग दिवाळी झाली, भाऊबीज झाली, आणि मी पुण्याचं तिकीट काढलं. आता दुसरं काही उरलंच नाही असं मी स्वतःला सांगितलं. बायकोलाही तसंच सांगितलं. ती दगडावरून म्हणाली, तुला बरं वाटेल ते कर. मुलीच्या शाळेत बोलून झालं. बेत असा होता की, जायच्या दिवशी तिला मधल्या सुट्टीतच शाळेतून आणून दोघांनी एसटीने कोरीटला जायचं, तिला आईकडे सोडायचं आणि मी नंदुरबारहून रात्रीची बस पकडायची. तिची एक पिशवी आणि माझ्या दोन बॅगा मी आदल्या संध्याकाळीच दाराशी आणून ठेवल्या. मुलगी त्यांना वळसा घालून आत-बाहेर करत होती. तिने काही विचारलं नाही, रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

त्या सकाळी ती शाळेत गेली आणि थोड्या वेळाने दारात एक माणूस उभा राहिला. सडपातळ, डोक्याला पंचा, एका हातात कापडात गुंडाळलेली फांदी, दुसऱ्यात सीताफळांची पिशवी. तोरणमाळच्याही वरच्या पाड्यावरून पहिल्या एसटीने आला होता. त्याची घरची बोली पावरी. माझ्याशी तो अहिराणी बोलत होता, सावकाश, एकेक शब्द उचलून. कामाच्या आठवड्यात कधी तरी त्याने फोन केला होता.

"तूच सांगं ना, घर ये म्हनीसन," तो म्हणाला. "मंग उनू."

ते काम आता माझ्याकडे नाही, हे मी त्याला सांगितलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. तो बसला, पाणी प्याला, बॅगांकडे बघून कुठे निघालात विचारलं. मी म्हटलं पुण्याला, कामाला. त्याने मान हलवली. तोही चार दिवसांत बायकोला घेऊन गुजरातला ऊसतोडीला निघणार होता. पोरं म्हातारीपाशी राहतील, होळीला परत. तूर तेवढी शेतात उभी आहे, तिची फुलं गळताहेत, म्हातारीला काय सांगून जायचं ते विचारायला तो आला होता. हे तो दुःखाने सांगत नव्हता. दरवर्षीचं होतं. तुझी पोर कोण सांभाळेल, त्याने विचारलं. माझी आई, मी म्हटलं. त्याने पुन्हा मान हलवली. आम्ही दोघं एकाच रस्त्याचे, असं त्याने धरलं होतं.

मग तो म्हणाला, "तू नही गया ते काय व्हई?"

मला शिकवायला म्हणून त्याने ते विचारलं नव्हतं. त्याच्याकडे या प्रश्नाला उत्तर होतं. तो गेला नाही तर होळीनंतर घरात दाणा नसतो. माझं काय होतं, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं, जसं आपण एकमेकांना पावसाचं विचारतो.

मी उत्तर शोधायला लागलो. घर आमचं होतं. डब्यात तांदूळ होता. एक तारखेला बायकोचा पगार होत होता. गल्लीत लोक बोलतील, हेच काय ते एक उत्तर माझ्याकडे होतं, आणि ऊस तोडायला निघालेल्या माणसाला ते सांगायला तोंड उघडेना. लाज वाटली. त्याच्यापुढे नव्हे, या बॅगांपुढे.

"काहीच नही," मी म्हणालो.

प्रश्न मला कळला नाही असं त्याला वाटलं असावं. मग त्याने कापड सोडलं आणि तुरीची फांदी माझ्या मांडीवर ठेवली.

संस्थेचा पडदा आता माझ्याकडे नव्हता. ओळखीच्या एका कृषी सहायकाला फांदीचा फोटो पाठवला, फोन केला, त्यांनी सांगितलं ते मी दोनदा विचारून घेतलं आणि त्याला चारदा सांगितलं. तो ते स्वतःशी पुटपुटत, म्हातारीला सांगायच्या शब्दांत बदलून घेत, दुपारच्या गाडीने गेला. सीताफळं ठेवून गेला.

मी बायकोला फोन लावला. ती उपकेंद्रातून दगडापर्यंत येईपर्यंत तो तीनदा तुटला. मी जात नाही, असं म्हणालो. पलीकडे वारा वाजत होता. ती म्हणाली, "बरं." मग काही वेळाने, आवाज अगदी बारीक करून, "पोरीला सांगितलंस?"

अजून नव्हतं सांगितलं. पुढे मला थोडं टायपिंग मिळालं, थोड्या शिकवण्या, आणि गल्लीत जे बोलायचं होतं ते बोलून झालं. पण त्या दुपारी माझ्या हातात काहीच नव्हतं. मी झोपाळ्यावर बसून सीताफळं चाचपून बघत होतो, कोणतं आज खाता येईल, कोणतं दोन दिवसांनी. कोरीटच्या एसटीची वेळ टळून गेली. मुलगी आली. बॅगा तिथेच होत्या. तिने नेहमीप्रमाणे त्यांना वळसा घातला, दप्तर न काढता माझ्यासमोर उभी राहिली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तिला नुकतंच घड्याळ वाचता यायला लागलं होतं.

"पप्पा, बस चुकी गयी का?"

"हां, चुकी गयी."

तिला आनंद करायचा होता, पण अजून धीर होत नव्हता.

"सकायनी?" तिने विचारलं. उद्याची.

"सकायनी बी चुकी जाई," मी म्हणालो.